पोट गुरगुरते त्यात लाज कसली?

तीन वर्षांपूर्वीच्या वर्षावासातली गोष्ट. मुरूड तालुक्यातल्या एका गावी विहारात ग्रंथवाचनाला आम्ही गेलो होतो. दिवसभर कोसळलेला पाऊस नुकताच थांबला होता. लाईट गेलेली, दोन मेणबत्त्या जळत होत्या. वंदना झाली, वाचन झाले आणि मग सगळ्यांनी डोळे मिटून पाच मिनिटे शांत बसायचे ठरले. पत्र्यावरून पागोळ्या पडत होत्या तेवढाच काय तो आवाज. आणि त्या शांततेत कुणाचे तरी पोट गुरगुरले. थोडेथोडके नाही, चांगले लांबलचक, मागच्या बायकांच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे. पोरांना हसू आवरेना. एक मावशी म्हणाल्या, "भावजींना वहिनीनं आज जेवाय घातलं नाय वाटतं!" झाले, अख्खा विहार हसला.

ज्यांचे पोट बोलले ते गावातले गवंडी. वय पन्नाशीच्या आसपास, स्वभावाने भिडस्त. त्यांचे नाव इथे देत नाही, आपण त्यांना भाऊ म्हणू. भाऊ मान खाली घालून बसून राहिले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही रविवारी नाहीत. आणि त्या रात्री हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

भाऊंचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी ज्या आवाजाला आपण इतके लाजतो तो आवाज येतो कुठून, हे समजून घेऊ.

नळाला पाणी येण्याआधी

मराठीत या आवाजाला शब्दांची कमतरता नाही. पोट गुरगुरते, गुडगुडते, भूक लागली की पोटात कावळे ओरडतात. डॉक्टरांच्या पुस्तकात याला 'बोरबोरिग्मस' असे मोठे नाव आहे. ते ग्रीक भाषेतून आले. पण दोनतीनदा मोठ्याने म्हणून पाहा. बोरबोर, बोरबोर! आपल्या गुडगुडसारखाच तोही आवाजावरूनच पडलेला शब्द आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीकांचेही पोट असेच बोलत होते.

आता आपल्या घरचा नळ आठवा. पाणी यायची वेळ झाली की आधी नळ गुरगुरतो, फुसफुसतो, थुंकतो आणि मग धार लागते. का? कारण पाइपात हवा अडकलेली असते आणि मागून पाण्याचा रेटा येतो. हवा आणि पाणी एकमेकांना ढकलत अरुंद जागेतून निघाले की आवाज होतो. एकदा पाइप पाण्याने भरला की नळ मुकाट वाहतो. समुद्रकाठच्या माणसाला तर दुसरेही उदाहरण ठाऊक आहे. भरतीच्या वेळी खडकाच्या कपारीत लाट शिरते तेव्हा आत कोंडलेल्या हवेचा कसा गुडगुडाट होतो! पोटात नेमके हेच चालते.

तोंडापासून गुदद्वारापर्यंत आपल्या अंगात एक सलग नळीच आहे. घशाखाली अन्ननलिका, मग पिशवीसारखे जठर, मग वेटोळे घातलेले लहान आतडे आणि शेवटी मोठे आतडे. लहान आतडे एकटेच सुमारे २० फूट लांब असते. या नळीच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. एक थर बांगडीसारखा गोल, दुसरा नळीच्या लांबीने उभा. अन्नाच्या मागची बाजू आवळते, पुढची बाजू सैल होते आणि अन्न पुढे सरकते. बेलिस आणि स्टार्लिंग या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ साली प्रयोग करून हे दाखवून दिले. म्हणून तर माणूस आडवा पडून जेवला तरी घास जठरात पोचतो. अन्न आपोआप खाली पडत नाही, त्याला ढकलत न्यावे लागते.

या नळीत पाणीही पुष्कळ असते. आपण दिवसाला खाण्यापिण्यातून साधारण दोन लिटर पाणी पोटात घालतो. पण लाळ, जठराचा आंबट रस, यकृताकडून येणारे पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा पाझर धरला तर रोज आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यातून जातो. म्हणजे एक कळशीभर! त्यातला बहुतेक भाग शरीर परत शोषून घेते. हवाही असते. प्रत्येक घासाबरोबर, प्रत्येक घोटाबरोबर थोडी हवा आपण गिळतो. भराभर जेवणारा, जेवताना बडबडणारा, सोडा पिणारा, तंबाखू चघळून आवंढे गिळणारा जास्त हवा गिळतो.

द्रव आहे, हवा आहे आणि मागून स्नायूंचा रेटा आहे. मग आवाज होणारच.

मुलांना हे दाखवायचे असेल तर पाण्याची एक प्लास्टिकची बाटली घ्या. अर्धी भरून झाकण लावा आणि आडवी धरून हलवा. गुडगुड ऐकू येईल. आता तीच बाटली काठोकाठ भरा आणि हलवा. आवाज बंद! आवाजाला पाणीही लागते आणि हवाही लागते.

उपाशी पोट जास्त का बोलते?

पोट खरे तर सारखेच बोलत असते. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तेव्हा निरोगी पोटात त्यांना मिनिटाला साधारण ५ ते ३० आवाज ऐकू येतात. आपल्याला त्यातले मोठे तेवढेच कळतात. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रोग्याची छाती ऐकली आणि त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप आला. तुम्हीही हे पान वाचून झाल्यावर त्याची सुरळी करा आणि घरातल्या पोराच्या पोटाला लावून ऐका. पोरगेही खूश होईल आणि शास्त्रही कळेल.

पण उपाशी पोटी आवाज वाढतो, याला दोन कारणे आहेत. पहिले सोपे आहे. रिकाम्या खोलीत बोलले की आवाज घुमतो, तीच खोली सामानाने भरली की घुमत नाही. आतडे अन्नाने भरलेले असले की आवाज दबतो, रिकामे असले की मोकळा होतो.

दुसरे कारण जास्त गमतीचे आहे. जेवण पचून पुढे गेले की पोट विश्रांती घेते असे आपल्याला वाटते. तसे नाही. दर दीड-दोन तासांनी जठरातून एक जोरदार लाट निघते आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जाते. उरलेसुरले कण, मेलेल्या पेशी, चिकट द्रव, जंतू असे सगळे ती पुढे लोटत नेते. १९६९ साली कुत्र्यांच्या आतड्यांतल्या विजेच्या लहरी मोजताना शास्त्रज्ञांना हिचा माग लागला. पुढे 'मोटिलिन' नावाचे एक रसायन या लाटेला चालना देते हेही कळले. शास्त्रज्ञ या लाटेला पोटातली घरकामाची, झाडलोटीची लाट म्हणतात.

आपल्या समाजातल्या कितीतरी घरांतली माणसे मुंबईला पहाटे उठून रस्ते झाडत आली आहेत. शहर झोपेत असताना खराट्याचा आवाज येतो. ज्याला त्या आवाजाचा त्रास होतो त्याने एवढाच विचार करावा, की चार दिवस तो आवाज आला नाही तर शहराचे काय होईल? पोटाचेही तसेच आहे. ही झाडलोट बंद पडली तर लहान आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ होते आणि माणूस आजारी पडतो. तेव्हा दोन जेवणांच्या मधे पोट गुरगुरले तर समजा, आत झाडलोट चालू आहे. तुम्ही दोन घास खाल्लेत की ही लाट थांबते आणि आतडे पचनाच्या कामाला लागते. म्हणूनच खाल्ल्यावर कावळे गप्प होतात.

मग गुरगुर म्हणजेच भूक का? पूर्वी तसे वाटत असे. अमेरिकेतल्या कॅनन नावाच्या शास्त्रज्ञाच्या वॉशबर्न या विद्यार्थ्याने नळी जोडलेला रबरी फुगा गिळला. जठर आवळले की फुगा दाबला जाई आणि यंत्रावर खूण उमटे. भूक जाणवली की वॉशबर्न बटण दाबी. दोन्ही खुणा जुळल्या. हे त्यांनी १९१२ साली प्रसिद्ध केले. पण ज्यांचे जठर शस्त्रक्रियेने काढून टाकले आहे त्यांनाही भूक लागते, हे पुढे दिसून आले. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी 'घ्रेलिन' नावाचे रसायन शोधले. ते मुख्यतः जठरात तयार होते, रक्तातून मेंदूपर्यंत जाते आणि भूक जागवते. म्हणजे भूक हा पोटाचा आणि मेंदूचा मिळून चाललेला कारभार आहे. शेजारच्या घरात बोंबील तळायला घेतले की आपले पोट कुरकुरू लागते, ते यामुळेच. नाकाने वास घेतला, मेंदूने पोटाला निरोप धाडला आणि पोटात रस पाझरू लागला!

उपाशी पोटाची लाज कुणी धरायची?

आता जरा मनातले बोलतो. शाळेच्या वर्गात एखाद्या मुलीचे पोट गुरगुरले की सगळे हसतात आणि ती पोर कानकोंडी होते. परीक्षेच्या हॉलमध्ये तर विचारूच नका. सकाळी काही न खाता आलेली असते, त्यात परीक्षेची धास्ती. मेंदू आणि आतडे यांच्यात नसांचे जाळे असल्याने भीतीनेही आतड्याची हालचाल वाढते. "भीतीने पोटात गोळा आला" असे आपण म्हणतो ते उगीच नाही.

१९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब लंडनला अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास करीत होते. सकाळी घरमालकिणीकडचा तुटपुंजा नाश्ता करून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत वाचत बसत. दुपारच्या जेवणाला वेळही नव्हता आणि पैसाही. रात्री उशिरा भूक असह्य झाली की बोव्हरिलचा एक कप आणि पापडाचे चार तुकडे. चरित्रकार धनंजय कीर यांनी हे नोंदवून ठेवले आहे. त्या घुमटाखालची शांतता टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी. उपाशी पोटाचा नियम सगळ्यांना सारखाच आहे, तो कुणाची पदवी पाहत नाही.

आपल्या किनाऱ्यालाही भूक नवी नाही. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या जुलमाविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या संपाला बाबासाहेबांचा पाठिंबा होता. माणसांनी रानातला लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण माघार घेतली नाही. त्या घरांतल्या पोरांची पोटे गुरगुरली असतील त्याची लाज त्या पोरांनी धरायची, की त्यांच्या ताटातले धान्य नेणाऱ्यांनी?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात शाळकरी मुलांच्या आहाराची योजना सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला. २०२१ पासून तिचे नाव 'पीएम पोषण' आहे. आपल्या गावच्या शाळेत ही खिचडी वेळेवर आणि नीट मिळते की नाही हे पालकांनी जाऊन पाहावे. तो मुलांचा हक्क आहे. आणि आईबापांना एवढीच विनंती, की परीक्षेच्या दिवशी पोर उपाशी धाडू नका. रात्रीची भाकरी आणि चहा का होईना, पोटात असू द्या.

भरल्या पोटाचे गाणे

पोट जेवणानंतरही बोलते. थंडीत आपल्याकडे शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी घालून वर जाळ केला की काय तो वास! पण दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी पोटे वाजू लागतात. दोष वालाचा. वाल, चवळी, हरभरा या कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा जातीच्या साखरा असतात. त्या फोडायचे पाचक द्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसते. न पचताच त्या मोठ्या आतड्यात जातात. तिथे अब्जावधी जंतू वाट पाहत बसलेलेच असतात. ते या साखरा आंबवतात आणि वायू तयार होतो. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही. या वायूंना वास नसतो. घाण वास येतो तो गंधकाच्या अगदी थोड्या वायूंमुळे.

आता आपल्या आज्यांची हुशारी पाहा. कडवे वाल त्या रात्रभर भिजत घालतात, पाणी ओततात, फडक्यात बांधून मोड आणतात, मग सोलून बिरडे करतात. भिजवल्याने त्या साखरांचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो आणि मोड येताना बी स्वतःच त्या खर्चून टाकते. म्हणून बिरडे उसळीपेक्षा पोटाला हलके. रसायनशास्त्र न शिकता कमावलेले हे ज्ञान आहे. घाईत वाल न भिजवता कुकरला लावणाऱ्या सुनांनी आणि लेकांनी हे लक्षात ठेवावे.

दुधाचेही तसेच. आपल्याकडे पुष्कळ मोठ्या माणसांना दुधातली साखर नीट पचत नाही. पेलाभर दूध घेतले की तासा-दोन तासांत गुडगुड आणि पातळ शौच. अशांनी दही-ताक घ्यावे, ते सहसा सोसते. यात रोग काही नाही, शरीराची ठेवण तशी आहे एवढेच.

जंत, करणी आणि सरकलेली बेंबी

पोट गुरगुरले की कुणी म्हणते जंत झाले. जंत होतात हे खरे, पण नुसत्या आवाजावरून ते कळत नाहीत. त्यासाठी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत जंताची गोळी फुकट दिली जाते. २०१५ पासून १० फेब्रुवारी हा दिवस त्यासाठी ठरवला आहे. ती गोळी चुकवू नये, शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत.

कुणी म्हणते बेंबी सरकली, आणि पोट चोळणाऱ्या बाईला बोलावतात. कुणी म्हणते करणी झाली, पोटात कुणीतरी बोलते आहे. मग भगत, लिंबू, कोंबडा. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या लेकरांच्या पोटावर तापलेल्या सळईचे चटके देण्याची 'डंबा' नावाची प्रथा आहे, तिच्या बातम्या आजही येतात. फुगलेले पोट चटक्याने बरे होत नाही. जखम मात्र होते, जंतू शिरतात आणि दवाखान्यात न्यायला उशीर होतो. पोट खूप दुखत असताना चोळणेही घातक आहे. आत अपेंडिक्स सुजलेले असेल तर ते फुटायला वेळ लागत नाही.

पोटात कुणीही बोलत नाही. वारा आणि पाणीच बोलते. पण ते काय बोलते इकडे मात्र कान द्यायला हवा. भाऊंच्या बाबतीत तो आम्ही दिला नाही.

आवाज थांबतो तेव्हा

वर्षावास संपून दिवाळीही गेली. एके दिवशी एस.टी. स्टँडवर भाऊ भेटले. अंगातला सदरा लोंबत होता. आम्ही विचारले, "विहारात येत नाय तो?" ते म्हणाले, "पोट लय वाजतं. पोटात गोळा फिरतो, दुखतं, मग गुडगुड गुडगुड होतं न् सुटतो. लोकांत बसाय लाज वाटते." आम्ही शहाणपणाने सांगितले, "वायू असेल. ओवा खा, हिंग लावा." ओवा-हिंगाने साध्या वायूला आराम पडतो हे खरे. पण उतरलेले वजन, संध्याकाळची कणकण, फिरणारा गोळा, यातले काही आम्ही विचारले नाही. घरच्यांनीही भगताकडे दोन फेऱ्या मारल्या, पोट चोळून घेतले.

मार्च महिन्यात एका रात्री भाऊंना उलट्या सुरू झाल्या. पोट नगाऱ्यासारखे फुगले. दोन दिवस शौच नाही, वाराही सरला नाही. पोट इतके वाजत होते की शेजारच्या खोलीत ऐकू येई. आणि मग हळूहळू ते गप्प झाले. वहिनींना वाटले, बरे वाटायला लागले. मुंबईहून आलेल्या भावाने मात्र ऐकले नाही. गाडी करून त्याने रातोरात त्यांना मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. आम्हीही बरोबर होतो. डॉक्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकले आणि नर्सला म्हणाले, "ताबडतोब ऑपरेशनची तयारी करा."

आतडे कुठे अडले की मागचा भाग अडथळा फोडण्यासाठी जीव तोडून आवळतो. तेव्हा आवाज वाढतो, तीक्ष्ण होतो. पुढे आतडे थकते, त्याचा रक्तपुरवठा तुटू लागतो आणि पोट शांत होते. ती शांतता म्हणजे आराम नव्हे, धोक्याची घंटा आहे. भाऊंचे लहान आतडे एके ठिकाणी आवळून बोटाएवढे उरले होते. तो भाग कापून दोन्ही टोके जोडली. तुकडा तपासला तेव्हा कळले, आतड्याचा क्षय. टीबी फक्त फुप्फुसांना होतो असे आपल्याला वाटते. तो आतड्यालाही होतो आणि फिरणारा गोळा, गुडगुड होऊन सुटणारे दुखणे ही त्याचीच खूण असू शकते.

पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी काही काळ झोपी जातात. लहान आतडे लवकर जागे होते, मोठ्याला तीन-चार दिवसही लागतात. तोवर नाकात नळी आणि हाताला सलाईन. रोज सकाळी नर्स विचारी, "वारा सरला का?" भाऊ लाजून मान हलवीत, नाही. डॉक्टर पोट दाबून पाहत, मऊ आहे का, उलटी होते का विचारीत आणि ऐकत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ऐकले आणि हसले. म्हणाले, "बोलायला लागलं." चौथ्या दिवशी पहाटे वहिनी वॉर्डमधून धावत बाहेर आल्या. ज्या बाईने आयुष्यात कधी मोठ्याने शब्द काढला नाही ती बाई भरल्या व्हरांड्यात ओरडली, "सरला! सरला!" आम्ही, भाऊ, अनोळखी रोग्यांचे नातेवाईक, सगळे हसलो. पण ते हसणे वेगळे होते.

विहारात ज्या आवाजाला आम्ही हसलो होतो त्याच आवाजाची वाट पाहत आम्ही चार दिवस बाकावर बसलो होतो.

दवाखाना केव्हा गाठायचा?

नुसते पोट वाजते, दुखत नाही, भूक आणि वजन ठीक आहे, तर काळजीचे कारण नाही. सावकाश चावून जेवा. दोन वेळच्या मधे फार अंतर ठेवू नका. काय खाल्ल्यावर पोट वाजते ते लक्षात ठेवा.

पण पोट वारंवार दुखून वाजत असेल, गोळा फिरत असेल, वजन उतरत असेल, ताप येत असेल, शौचात रक्त पडत असेल किंवा शौच डांबरासारखे काळे होत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून मधेच सोडू नका. दूध नेहमी उकळून घ्या.

पोट फुगले, उलट्या होतात, शौच आणि वारा दोन्ही बंद, तर एक रात्रही थांबू नका. १०८ ला फोन करा.

लहान मुलाला जुलाब होऊन पोट गुडगुडत असेल तर लगेच ओ.आर.एस.चे पाणी थोडे थोडे पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. अंगावरचे दूध बंद करू नका. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर लगेच डॉक्टरकडे न्या.

भाऊंनी औषधाचा कोर्स पूर्ण केला. पुढच्या वर्षावासात ते विहारात आले तेव्हा सदरा अंगाला बसत होता. आता तिथे वाचनाआधी पोरांना चहा-बिस्किटे मिळतात. ही सूचना त्या हसणाऱ्या मावशींचीच. आळवी गावात एक गरीब शेतकरी भुकेला आला तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मग धम्म सांगितला, ही गोष्ट त्यांनी कुणाकडून तरी ऐकली होती.

वाचन संपले, सगळे डोळे मिटून बसले आणि कुणाचे तरी पोट गुरगुरले. पोरे खुसखुसली. भाऊ डोळे न उघडताच म्हणाले, "हसू नका रं. चालू हाय ते बरं हाय."